घरच्या सर्व्हरला स्टॅटिक आयपी घ्यावा का? केबलवाला अडीचशे मागतोय

मिरजकर_तंबोरा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक आहे, पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

एक जुना लॅपटॉप होता, स्क्रीनला तडा गेलेला. भंगारवाल्याने सातशे रुपये सांगितले म्हणून रागारागाने त्याच्यावर उबुंटू टाकलं आणि टीव्हीखालच्या कपाटात नेऊन ठेवला. आता त्यावर इम्मिच (घरच्या सर्व्हरवर फोटो ठेवायचं ॲप) चालतंय, घरातले २००४ पासूनचे सगळे फोटो, आजीच्या पंचाहत्तरीचे वगैरे, एका ठिकाणी आलेत. घरात बसून बघायला एकदम झकास. अडचण अशी की बहीण नाशिकला, भाऊ जर्मनीत, दोघांनाही बघायचेत आणि आईच्या फोनमधले फोटो आपोआप सर्व्हरवर चढायला हवेत.

केबलवाला (तोच नेट देतो, फायबर आहे) म्हणाला साहेब स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) घ्या, महिन्याला अडीचशे. ऑफिसातला मित्र म्हणतो येडा आहेस का, डायनॅमिक डीएनएस लाव (पत्ता बदलला तरी ठरलेलं नाव नव्या पत्त्याकडे बोट दाखवतं), फुकटात काम होतं. तेही लावून बघितलं, पोर्ट फॉरवर्ड केला (बाहेरून आलेली हाक राउटरने सर्व्हरकडे द्यावी म्हणून), बाहेरून काही उघडत नाही. अडीचशे म्हणजे वर्षाचे तीन हजार, खरंच गरज आहे का? जाणकारांनी सांगावं.

रात्रपाळी
रुमाल टाकून ठेवतो. माझाही हाच प्रश्न आहे.

सोलापुरी_चादर
पैसे कशाला द्यायचे? मी तर माझ्या रास्पबेरी पायला (छोटा कॉम्प्युटर) कधीच स्टॅटिक आयपी दिलाय, फुकट. राउटरच्या पानावर जायचं, १९२.१६८.१.५० टाकायचं, सेव्ह. दोन वर्षं झाली, हलला नाही.

तारायंत्र
@सोलापुरी_चादर, दादा तो घरातला आयपी. तुमच्या मुलाला घरी बंड्या म्हणत असाल, पण पोस्टमनला "बंड्याला पत्र द्या" सांगून भागेल का? प्रत्येक घरात एक बंड्या असतोच. १९२.१६८ वाले पत्ते तसेच, माझ्याकडेही १९२.१६८.१.५० आहे, तो माझा प्रिंटर आहे. घरातला पत्ता पक्का करायलाच हवा, नाहीतर पोर्ट फॉरवर्ड उद्या भलत्याच मशीनकडे जाईल, पण बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता नसतो.

@धागाकर्ता, स्टॅटिक की डायनॅमिक हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा, आधी एक गोष्ट बघा. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) म्हणून काय दिसतं? मग गूगलवर "माझा आयपी काय" शोधा, तिथे काय दिसतं? दोन्ही सारखे आहेत का?

सोलापुरी_चादर
बंड्या :)) कळलं. पण बोलणं लागलं हो जरा.

मिरजकर_तंबोरा
सारखे नाहीत! राउटरवर १००.७२ ने सुरू होतोय. बाहेरची साइट १०३ ने सुरू होणारा वेगळाच दाखवते. राउटर बिघडलाय का?

तारायंत्र
राउटर ठणठणीत आहे, तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला. म्हणजे असं, तुमच्या घरातला राउटर जसं चार-पाच फोनांना एका आयपीवरून बाहेर सोडतो, तसं केबलवाल्याचं मशीन शेकडो घरांना एका आयपीवरून बाहेर सोडतं. जाताना सगळं जातं. येताना मात्र बाहेरून कुणी हाक मारली तर ती केबलवाल्याच्या मशीनवर येऊन थांबते, त्याला कळत नाही की हे कुणाच्या घरचं पाहुणं. तुम्ही राउटरवर पोर्ट कितीही फॉरवर्ड करा, हाक तुमच्या राउटरपर्यंत पोचलीच नाही तर तो बिचारा काय करणार.

डायनॅमिक डीएनएसने काम का होत नाही तेही यातच आलं. ते नाव बरोबर १०३ वाल्या आयपीकडे बोट दाखवत असणार, पण तो आयपी तुमच्या एकट्याचा नाहीच.

पुणेरी_पाटी
+१. आणि तुमच्या मित्राचंही चूक नाही बरं का, त्याच्याकडे पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा, एकट्याचा) असणार, फक्त बदलता. माझ्याकडे तसाच आहे. चार वर्षं डकडीएनएसवर (फुकटची डायनॅमिक डीएनएस सेवा) चाललंय, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप काम करायची सोय) एक ओळीची स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी सांगते की बाबा मी इथे आहे. आयपी बदलतो तो राउटर बंद-चालू झाला तरच, वर्षातून सात-आठ वेळा, आणि बदलला तरी पाच-सहा मिनिटांत गाडी रुळावर. नो-आयपी ही तसलीच दुसरी सेवा वापरली तर फुकटवाल्या नावाला दर ३० दिवसांनी "हो, अजून हवंय" म्हणून बटण दाबावं लागतं, ते मी दोनदा विसरलो आणि दोन्ही वेळा गावाला होतो.

थोडक्यात, पब्लिक आहे पण बदलता आहे, तर स्टॅटिकला पैसे देऊ नये. पब्लिकच नसेल तर मग बोलू.

अण्णा_रॅकवाले
मी उलट मत मांडतो. घ्या स्टॅटिक. अडीचशे रुपयांत दोन माणसांची मिसळ येते. या स्क्रिप्टा, टनेल, अमुक-तमुक जुळवत रविवार घालवण्यापेक्षा एकदा पैसे दिले की विषय संपला. केबलवाला "स्टॅटिक" म्हणतो तेव्हा तो पब्लिक आयपीच देतो, म्हणजे सीजीनॅटही सुटतं.

पुणेरी_पाटी
अण्णा, रविवार घालवणं हाच तर छंद आहे. मिसळ कुणाला हवीय. (दिवे घ्या)

निद्रानाश
कुणालाच पैसे देऊ नका. टेलस्केल टाका, आपल्याच मशीनांचं खासगी जाळं करणारं ॲप. सर्व्हरवर एक, भावाच्या फोनवर एक, बहिणीच्या फोनवर एक, दहा मिनिटांचं काम. आतून वायरगार्ड (दोन मशीनांमध्ये सुरक्षित बोगदा करायची पद्धत) आहे, दोन्हीकडून बाहेर कनेक्शन जातं आणि मध्ये गाठ पडते, त्यामुळे सीजीनॅट असो नाहीतर आणखी काही, पोर्ट उघडायची भानगडच नाही. गाठ पडली नाही तर त्यांच्या रिले सर्व्हरवरून जातं, तेव्हा थोडं हळू चालतं, पण चालतं.

गंमत म्हणजे टेलस्केलही मशीनला जो पत्ता देतं तो त्याच १००.६४ वाल्या पट्ट्यातलाच. ज्या पट्ट्याने घात केला तोच वाचवतो. एक करा, सर्व्हरची की एक्स्पायरी (लॉगिनची मुदत) बंद करून ठेवा, नाहीतर मूळ सेटिंगप्रमाणे १८० दिवसांनी पुन्हा लॉगिन मागतं आणि नेमके तेव्हा तुम्ही कोकणात असता.

हळदीकुंकू
माझ्या सासूबाईंच्या फोनवर हे टाकलं होतं. "ते वर किल्लीचं चित्र काय आलंय, फोन हॅक झालाय का" असा दिवसातून तीनदा फोन. शेवटी काढून टाकलं.

उसाचा_फड
क्लाउडफ्लेअर टनेल कुणी सांगितलं नाही अजून? स्वतःचं डोमेन हवं फक्त. सर्व्हरवर क्लाउडफ्लेअरडी (क्लाउडफ्लेअर कंपनीचं छोटं सॉफ्टवेअर) बसवायचं, ते बाहेर कनेक्शन करून बसतं, लोक तुमच्या डोमेनवर येतात, तिथून आत. समोरच्याला काही टाकावं लागत नाही, साधा ब्राउझर चालतो. सासूबाईही खूश.

तारायंत्र
फोटोंपुरतं ठीक, पण फुकटच्या प्लॅनवर एका अपलोडला १०० एमबीची मर्यादा आहे. आजकालच्या फोनवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढला की तेवढं होतं. मुलाच्या गॅदरिंगचा आख्खा नाच चढवायचा म्हटलं तर जमायचं नाही. शिवाय एचटीटीपीएसचं कुलूप त्यांच्या दारात उघडतं आणि पुन्हा बंद होऊन तुमच्याकडे येतं. फोटो कुणाच्या हातात द्यायचे नाहीत म्हणून घरी सर्व्हर ठेवला असेल तर याचा विचार व्हायला हवा. वाईट आहे असं म्हणत नाही, मी स्वतः ब्लॉगसाठी तेच वापरतो.

मेहुणचारा
१०३ ने सुरू होतोय म्हणालात त्यावरून एक जुनी कथा. आयपीव्ही फोरमध्ये (पत्त्यांची जुनी पद्धत) सगळे मिळून ४२९ कोटी पत्ते. मोकळा साठा ३ फेब्रुवारी २०११ ला संपला, तेव्हा जगातल्या पाच विभागीय संस्थांना शेवटचा एकेक गठ्ठा वाटून दिला. आपल्या आशिया-पॅसिफिकच्या एपनिकच्या वाट्याला आला तो १०३ चा गठ्ठा. तो पुरवून पुरवून वापरायचा म्हणून नवीन कंपनीला जास्तीत जास्त १०२४ पत्ते असा नियम झाला आणि २०१९ पासून ते ५१२ वर आणले. आता तुमचा केबलवाला धंद्यात उशिरा आला, त्याच्याकडे समजा हजारभर पत्ते आणि गिऱ्हाइकं पाच हजार. तो करणार काय? त्यामुळे अडीचशे मागतो म्हणून त्याला फार शिव्या देऊ नका. तुम्हाला एक आख्खा आयपी दिला की तो वाटून घेणारी बाकीची घरं दुसरीकडे बसवावी लागतात त्याला.

रात्रपाळी
हा प्रतिसाद साठवून ठेवला. १०३ चा गठ्ठा म्हणजे रेशनची शेवटची गोणी.

सहावी_यत्ता
मग आयपीव्ही सिक्स (पत्त्यांची नवी पद्धत) का नाही? त्यात पत्त्यांचा दुष्काळच नाही, प्रत्येक घराला जो कमीत कमी पट्टा मिळतो तोच १८ वर १८ शून्यं एवढ्या पत्त्यांचा. नॅट नाही, सीजीनॅट नाही, सर्व्हरला थेट पब्लिक पत्ता. आपल्याकडे मोबाइल डेटावर तर सर्रास असतं. राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढ्या एका पोर्टला वाट द्यायची आणि डीएनएसमध्ये एएएए नोंद (नावासमोर सिक्सचा पत्ता) करायची. फक्त प्रिफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) मधूनमधून बदलतो, तेव्हा डायनॅमिक डीएनएसची स्क्रिप्ट इथेही लागते.

मिरजकर_तंबोरा
केबलवाल्याला फोन केला होता. "आयपीव्ही सिक्स आहे का?" तर म्हणाला, "सहा नाही साहेब, आपल्याकडे पाच गिगाहर्ट्झचं वायफाय आहे."

पुणेरी_पाटी
हसून हसून पुरेवाट.

म्युनिकचा_वडापाव
जर्मनीतून एक अनुभव, भावाचा उल्लेख आहे म्हणून. इथे पूर्वी डीएसएलवर (फोनच्या तारेवरचं नेट) दर २४ तासांनी लाइन एकदा तोडायचे, की रोज पहाटे नवा आयपी. त्यामुळे घरी सर्व्हर ठेवणारा इथला प्रत्येक जण डायनॅमिक डीएनएस कोळून प्यायलेला. आता केबल-फायबरवाले उलटं करतात, आयपीव्ही सिक्स खरं देतात आणि आयपीव्ही फोर वाटून. म्हणजे तुमच्या भावाकडे सिक्स बहुतेक असेल, तुमच्याकडे नाही, गाठ कशी पडणार. नाशिकच्या ताईंचं ऑफिसचं वायफाय सिक्स देत नसेल तर त्याही बाहेर. दोन्ही टोकांना हवं तरच उपयोग.

अण्णा_रॅकवाले
बघा, म्हणजे फिरून गाडी स्टॅटिकवर आली. पण मी सांगतो स्टॅटिकचेही लाड कुठे करू नयेत. फार वर्षांपूर्वी मी घरी स्वतःचा मेल सर्व्हर लावला होता. स्टॅटिक आयपी, सगळं चोख. पहिलं मेल मेव्हण्याला पाठवलं, पोचलं नाही. दुसरं स्पॅममध्ये. मग शोध लागला की रिव्हर्स डीएनएसची नोंद (आयपीवरून नाव सांगणारी, तिलाच पीटीआर म्हणतात) नेट देणाऱ्याच्या हातात असते, आपल्या नाही, आणि त्याच्या ऑफिसात "पीटीआर" म्हटल्यावर मला मेंटेनन्स विभागाला जोडून दिलं. ती नोंद झाली तेव्हा कळलं की आमचा आख्खा पट्टा स्पॅमहाउस या स्पॅम रोखणाऱ्या संस्थेच्या पीबीएल यादीत, म्हणजे "हे घरगुती कनेक्शन, इथून थेट मेल येऊ नये". बऱ्याच ठिकाणी पोर्ट २५ (मेल जायचं दार) तर मुळातच बंद. आठ महिने झुंजलो, शेवटी मेव्हणा म्हणाला व्हॉट्सॅप कर की.

तर, फोटोंसाठी घ्या. मेलसाठी स्टॅटिक घेऊनही घरी सर्व्हर लावू नका.

हळदीकुंकू
मेव्हण्याचं काम काय होतं पण?

अण्णा_रॅकवाले
काही नाही, "टेस्ट" एवढंच लिहिलं होतं.

निद्रानाश
स्टॅटिक घेणाऱ्यांनो, सुरक्षेचं कोण बोलणार? एकच आयपी कायम असला की हॅकरला आयताच सापडतो. डायनॅमिक सुरक्षित.

तारायंत्र
हा गैरसमज आहे. बॉट तुम्हाला नावाने शोधत येत नाहीत, ते सगळीच दारं वाजवत जातात. मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं हत्यार काढलं, एका साध्या मशीनवरून गिगाबिट लाइन असेल तर आख्खं आयपीव्ही फोर ४५ मिनिटांच्या आत चाळून होतं. तुमचा आयपी काल बदलला की आज, त्यांना काय फरक पडतो. मी एकदा हौसेने पोर्ट २२ (दुरून लॉगिन करायचं दार) बाहेर उघडा ठेवला, संध्याकाळपर्यंत लॉगमध्ये रूट, अॅडमिन, पाय अशा नावांनी प्रयत्नांची रांग लागली होती. पासवर्डने लॉगिन बंद, फक्त की (किल्लीची फाइल), फेल-टू-बॅन (वारंवार चुकणाऱ्याला अडवणारं सॉफ्टवेअर) चालू आणि अपडेट वेळेवर. आयपी कुठलाही असो, हे करावंच लागतं. नाहीतर काही उघडूच नका, टेलस्केलचा खरा फायदा तो आहे.

निद्रानाश
ठीक, मागे घेतो. पण शेवटी माझंच सांगितलंत :)

उसाचा_फड
आणखी एक वाट. मुंबईतल्या डेटा सेंटरमधला छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घ्यायचा, त्याला पब्लिक आयपी असतोच, घरून त्याच्यापर्यंत वायरगार्डचा बोगदा. कुणाचं १०० एमबीचं बंधन नाही, एचटीटीपीएस आपल्याच सर्व्हरवर उघडतं. खर्च मात्र अडीचशेच्या आसपास किंवा जास्तच, त्यामुळे अण्णा हसतील.

अण्णा_रॅकवाले
हसलो.

विजेचा_लपंडाव
तुम्ही लोक आयपी स्थिर आहे का विचारताय, आमच्याकडे वीज स्थिर नाही. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा जाते. सर्व्हर खाली जायचं पहिलं कारण तेच, आयपी नव्हे. लॅपटॉप असल्यामुळे त्याची बॅटरी आहे, पण फायबरचा डबा आणि राउटर? त्यांच्यासाठी तो बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या आधी. फायदा असाही की राउटर बंद पडत नाही म्हणून डायनॅमिक आयपीसुद्धा महिनोन्महिने तोच राहतो.

पुणेरी_पाटी
अवांतर पण महत्त्वाचं: लॅपटॉप चोवीस तास चार्जिंगवर राहिला की बॅटरी फुगते. माझ्या एकाचा टचपॅड वर आला होता, पापडासारखा. चार्जिंग साठ-ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) असेल तर करा. आणि टीव्हीखालच्या बंद कपाटात नको, हवा लागू दे त्याला.

कोल्हापुरी_चप्पल
आमच्या कपाटात झुरळं आहेत. एक फॅनमध्ये गेलं. पुढचं विचारू नका.

हळदीकुंकू
मला तांत्रिक काही कळत नाही, सासूबाईंमुळे या धाग्यावर आले. पण एक विचारू का? धागाकर्त्याच्या आई राहतात कुठे?

मिरजकर_तंबोरा
घरीच, आमच्याकडेच. का हो ताई?

हळदीकुंकू
मग त्यांचा फोन रोज रात्री घरच्याच वायफायवर असतो ना. फोटो तेव्हा चढतील की. त्यांच्यासाठी बाहेरून रस्ता कशाला हवा? त्या काय भाजी मंडईतून चढवणार आहेत?

तारायंत्र
🙏 तीसेक प्रतिसाद झाले आणि कुणाला सुचलं नाही.

निद्रानाश
म्हणजे राहिले फक्त भाऊ-बहीण. दोघांच्या फोनवर टेलस्केल. मी आधीच सांगितलं होतं, नोंद घ्यावी.

अण्णा_रॅकवाले
आणि चुलत भाऊ, मावशी, आत्या? उद्या घरात लग्न निघालं की चाळीस जणांना अल्बमची लिंक पाठवायची असते. त्या चाळीस जणांच्या फोनवर कोण किल्लीचं चित्र बसवत फिरणार? तेव्हा आठवण येईल.

मिरजकर_तंबोरा
उशिरा लिहितोय, माफी असावी. केबलवाल्याकडे स्वतः जाऊन आलो. विचारलं, स्टॅटिक नको, नुसता बदलता पब्लिक आयपी द्या. म्हणाला तसा प्रकार आमच्याकडे नाही, दिला तर स्टॅटिकच. चहा पाजला, दर मात्र उतरवला नाही.

शनिवारी रात्री टेलस्केल टाकलं. बहिणीचं पाच मिनिटांत झालं. भावाला व्हिडिओ कॉलवर सांगत सांगत पाऊण तास गेला कारण तो मधेच ज्या मेलने लॉगिन केलं त्याचा पासवर्ड विसरला. पण लागलं एकदाचं. पहिलाच फोटो त्याने उघडला तो २००६ चा, अंगणात दोघं आजोबांच्या स्कूटरवर बसलोय तो, आणि नंतर बराच वेळ काही बोललाच नाही, मला वाटलं कनेक्शन गेलं. आईचा फोन घरच्या वायफायवर इम्मिचला जोडला, रात्री चार्जिंगला लावला की आपोआप चढतात. वर किल्ली-बिल्ली काही नाही. हळदीकुंकू ताईंचे विशेष आभार.

स्टॅटिक घेत नाही सध्या. अण्णा, चुलतबहिणीचं लग्न मार्गशीर्षात आहे, तेव्हा परत येईन कदाचित.

अण्णा_रॅकवाले
वाट बघतो. त्या एका महिन्यापुरता घे वाटल्यास.

विजेचा_लपंडाव
वाचलेल्या तीन हजारांत बाहेरची हार्ड डिस्क घ्या. २००४ पासूनचे फोटो त्या एकाच जुन्या लॅपटॉपमध्ये आहेत ना? की दुसरीकडे प्रत आहे?

मिरजकर_तंबोरा
...

विजेचा_लपंडाव
आज जा दुकानात. आजच.

सोलापुरी_चादर
मंडळी एक शंका, माझ्या राउटरवर वॅन आयपी १०.२४ ने सुरू होतोय. म्हणजे मीसुद्धा बंड्याच ना?

तारायंत्र
हो. बंड्याच्या घरातला बंड्या.